चौकटची राणी कुणाकडे

माधवराव सरनाईकांनी हातातल्या तीन पत्त्यांतला मधला पत्ता अर्धा वर काढला, परत आत सरकवला आणि छताकडे पाहिलं.

मी चौकटचा गुलाम टाकला होता आणि पाळी त्यांची होती. एप्रिलमधला रविवार, भर दुपार. क्लबाच्या हॉलला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. आमच्या टेबलाभोवती माणसं खुर्च्या ओढून बसली होती, काही मागे उभी होती. कुणी खोकत नव्हतं.

समोर वत्सलाताईचे पत्ते उघडे मांडलेले होते, कारण त्या डावात ती डमी होती. ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरासमोर बसणारे दोघं जोडीदार. बोली जिंकली की त्यातला एक दोघांचेही पत्ते खेळतो. दुसरा आपले पत्ते टेबलावर उघडे टाकतो, जोडीदार सांगेल तो पत्ता पुढे सरकवतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात.

प्रत्येकाकडे तीन-तीन पत्ते उरले होते आणि सगळे चौकटचे. बाकीचे रंग संपले होते, मी मोजत आले होते. वत्सलाताईकडे राजा, दश्शी, नव्वी. माझ्याकडे एक्का, पंजी आणि हा टाकलेला गुलाम. राणी आमच्याकडे नव्हती. ती एक तर डावीकडे माधवरावांकडे होती, नाहीतर उजवीकडे डॉक्टर चिमोट्यांकडे. आणि आम्हाला तिन्ही हात हवे होते, एकही सोडून चालणार नव्हतं.

राणी माधवरावांकडे असेल, तर मी वत्सलाताईकडे नव्वी मागायची आणि गुलाम तसाच जाऊ द्यायचा. डॉक्टरांकडे असेल, तर राजा मागायचा आणि पुढच्या हाताला दश्शी डॉक्टरांच्या अंगावर घालायची. दोन वाटा होत्या आणि त्यातली एकच बरोबर होती. पत्त्यांचा हिशेब म्हणाल तर दोन्हींना सारखाच कौल होता.

पण मी हिशेबावर विसंबून नव्हते. मी माधवरावांच्या हाताकडे बघत होते. आणि तो हात थांबला होता.

*

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्या कापसाच्या गावात बदली होऊन आले तेव्हा बाई तराजू तपासते हे बघायला पोरं मागे फिरायची. महिन्याभरात पोरं फिरायची थांबली आणि दुकानदार तराजू पुसायला लागले. सरनाईकांच्या जिनिंगमधला भुईकाटा मी दुसऱ्या मोसमात सील केला. कापसाची भरलेली गाडी त्याच्यावर हलकी व्हायची आणि रिकामी गाडी जड. माधवरावांनी आधी मला चहा विचारला, मग माझ्या साहेबांचं नाव विचारलं, मग माझी जात विचारली. मी तिन्ही उत्तरं दिली आणि सील ठोकलं.

निघाले तर कंपाउंडच्या फाटकापाशी त्यांची बायको उभी होती. मला वाटलं आता हीही तोंड सोडणार. तर ती हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांना कुणी थांबवलं हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही पत्ते खेळता का हो?"

ती वत्सलाताई.

तिला ब्रिज कुणी शिकवला नव्हता. नवऱ्याच्या खुर्चीमागे चहाचा ट्रे घेऊन उभी राहून ती शिकली होती. कोण काय टाकतो आणि कुठे चुकतो हे सगळं तिच्या डोक्यात साठलं होतं, आणि ते बोलायला समोर माणूस नव्हता. मी होस्टेलात थोडंफार खेळलेली. तिच्या स्वयंपाकघराला लागून जेवणाचं टेबल होतं. दुपारी माधवराव जिनिंगवर गेले की तिथे आमचं चालायचं. चारी हात वाटायचे, दोन-दोन हात एकेकीने खेळायचे, मग पत्ते उलटे करून कोण कुठे चुकली ते बघायचं. सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करत होते. दोन पावसाळे गेले आणि अगं-तुगंवर आले. तिच्या घरात मला स्वयंपाकघरापर्यंत नेणारी ती एकटीच होती हे मला ठाऊक होतं. मी गेले की तिची सासू माझ्यासाठी कप वेगळा काढायची. वत्सलाताई तो कप उचलून स्वतः त्यातून चहा प्यायची. हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

हरवलेल्या राणीचा प्रश्न तिथेच, त्या टेबलावर, आम्ही किती वेळा मांडला असेल. दोन्हीकडून खेळता येतो असा रंग आला की वत्सलाताई डोक्याला हात लावायची. एकदा मी तिला माझ्या कामातली गोष्ट सांगितली. तराजू बघायचा तर आधी वजन टाकायचं नाही. पारडी रिकामी असताना काट्याला नुसतं बोट लावायचं आणि तो कसा झुलतो ते बघायचं. माणसाचंही तसंच. गुलाम टाकायचा, राणीच्या अंगावर. ज्याच्याकडे राणी असेल त्याच्या मनात येणारच, घालू की नको, घालू की नको. क्षणभर का होईना, तो थांबतो. थांबला तर राणी त्याच्याकडे. खटकन पत्ता पडला तर पलीकडच्याकडे.

वत्सलाताई खूश झाली. आम्ही त्या युक्तीला "बोट लावणं" म्हणायला लागलो. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, कारण समोरच्याला कळलं की युक्ती मेली.

"पण आमच्या ह्यांच्यावर नाही चालायची," ती हसत म्हणाली होती. "ह्यांना थांबणं माहीतच नाही. ताट वाढून व्हायच्या आत घास तोंडात. अगं, लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधी माझ्या गळ्यात माळ! भटजी म्हणाले, जरा धीर धरा, तर म्हणाले, तुम्ही म्हणत राहा, माझं काम झालं."

आम्ही पोट धरून हसलो होतो.

*

क्लब जुना होता. कुठल्या तरी जिनिंगवाल्याने बांधलेला, समोर रुंद दगडी पायऱ्या. त्या पायऱ्या सभासदांच्या. बायकांना सभासद होता येत नव्हतं. सभासदाची बायको बाजूच्या व्हरांड्यातून आत येई. माझ्यासारखी, जी कुणाची बायको नाही, ती पाहुणी म्हणून येई, आणि पाहुणीसाठी सभासदाची सही लागे. म्हणजे मला पत्त्याच्या टेबलापर्यंत पोचायचं तर रोज संध्याकाळी माधवराव सरनाईकांनी माझ्या नावापुढे सही करायची. ज्यांचा काटा मी सील केला त्यांच्या सहीवर मी आत जायची. क्लबाचे सेक्रेटरीही तेच. कधी कधी ते मुद्दाम विसरायचे. मी व्हरांड्यात उभी राहायची, आतून पत्ते पिसल्याचा आवाज यायचा, आणि वत्सलाताई आत जाऊन त्यांना आठवण करून द्यायची. ते म्हणायचे, "अरे हो, आपल्या तराजूवाल्या बाई." आणि लोक हसायचे.

एक नियम मात्र संस्थापकाने करून ठेवला होता. उन्हाळी चषक जिंकणारी जोडी आजीव सभासद होते. त्याने बायकांचा विचारच केला नव्हता, म्हणून बायकांना बंदी घालायचंही त्याला सुचलं नव्हतं. स्पर्धेत सभासदाच्या कुटुंबाला आणि पाहुण्यांना खेळायची मुभा होती. वत्सलाताईनेच मला ते दाखवलं. आपण जिंकलो, ती म्हणाली, तर तुला कुणाच्या सहीची गरज नाही.

मला तेवढंच हवं होतं. त्या पायऱ्या चढून जायचं आणि कुणी अडवायचं नाही.

माधवरावांनी आमचं नाव घेऊन टाकलं. बायका पहिल्याच फेरीत जातील, तेवढीच करमणूक, असं ते चारचौघांत म्हणाले. आम्ही पहिली फेरी जिंकलो, दुसरी जिंकलो. उपांत्य सामन्यात मी दोनदा बोट लावलं आणि दोन्ही वेळा राणी सापडली. समोरचे वकील घाम पुसत उठले. अंतिम सामना आमचा आणि माधवराव-डॉक्टर चिमोटे जोडीचा ठरला, तेव्हा सरनाईकांच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. वत्सलाताईने काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तिच्याकडून काही लपलेलं असेल असं माझ्या मनातच येत नव्हतं.

सामन्याच्या आठवड्यात मी गेले तर तिने शिरा केला होता, बेदाणे घालून. पत्ते काढले नाहीत. म्हणाली, आज नको, डोकं दुखतंय. मग मी खात असताना तिने विचारलं की अंतिम सामन्यातही मी बोटच लावणार ना. मी म्हटलं, वेळ आली तर लावणारच. थोड्या वेळाने, मी निघताना, चपला घालताना तिने पुन्हा तेच विचारलं. मी हसून म्हटलं, "ताई, तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलीस."

"हो गं," ती म्हणाली. "घाबरलेय."

*

तर माधवराव थांबले होते.

माझ्या आत आधी आनंदच झाला. सापडली, राणी डावीकडे. नव्वी मागायची आणि चषक उचलायचा. माझ्या ओठांवर शब्द आलाही होता.

मग त्यांनी तो पत्ता पुन्हा अर्धा वर काढला. पुन्हा आत. छताकडे बघून एक उसासा सोडला.

मी आयुष्यात पुष्कळ तराजूंना बोट लावलंय. चांगला काटा हलतो, झुलतो आणि मुकाट मधोमध येतो. ज्या काट्यात कुणी करामत केलेली असते तो झुलतच राहतो, जणू आपण किती नाजूक आहोत हे तुम्हाला पटवून द्यायचंय. माधवराव तसे झुलत होते.

मी तो शब्द गिळला आणि विचार करायला लागले. राणी यांच्याकडे असती तर? माणूस तीस वर्षं खेळतोय. शेवटी सगळे चौकटच उरणार हे त्याला आधीच दिसलं असणार, गुलाम आला तर काय करायचं हे तेव्हाच ठरलं असणार, आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे पत्ता खटकन पडला असता. राणी नसती तर? तीन हलके पत्ते. त्यात विचार करण्यासारखं आहेच काय? म्हणजे राणी असो की नसो, या माणसाने थांबायला नको होतं. मंगलाष्टकांसाठी न थांबलेला माणूस एका गुलामासाठी थांबला. असा माणूस एकाच कारणाने थांबतो. आपल्या थांबण्याकडे कुणी तरी बघतंय हे त्याला माहीत असतं.

आणि मी बघते, हे कुणाला माहीत होतं?

एका बाईला.

मी त्यांच्याकडे बघायचं सोडलं आणि समोर पाहिलं. वत्सलाताई मान खाली घालून बसली होती. तिने पत्ते सरळ करून ठेवले होते, कड कडेला लावून. उजव्या हाताचं बोट नव्वीच्या कोपऱ्यावर होतं. त्यात तसं काही नव्हतं. युक्ती तिलाही ठाऊक होती, तिला वाटलं असेल मी नव्वीच मागणार. मी स्वतःला ते सांगितलं. मी तिच्या वतीने माझ्याशी भांडले. पण ती वर बघत नव्हती. तीन वर्षं आम्ही समोरासमोर खेळलो होतो आणि कठीण वेळेला ती नेहमी माझ्याकडे बघायची, डोळे मोठे करून, देवळात आरतीला उभ्या राहिलेल्या बाईसारखी. आज ती बांगडीवरची नक्षी बघत होती.

शेवटी माधवरावांनी तिर्री टाकली.

आता प्रश्न राणीचा राहिलाच नव्हता. नव्वी मागायची म्हणजे वत्सलाताई माझी आहे असं म्हणायचं. राजा मागायचा म्हणजे ती माझी नाही असं म्हणायचं, आणि ते बरोबर निघालं तर मी जिंकणार. माझी तीव्र इच्छा होती की माझा विचार चुकीचा निघावा. पत्त्याच्या टेबलावर बसून चूक व्हावी असं वाटण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

"राजा," मी म्हटलं.

वत्सलाताईने वर पाहिलं. "काय?"

डमीने बोलायचं नसतं. तीन वर्षांत ती कधी बोलली नव्हती.

"राजा, ताई."

तिचं बोट नव्वीवरून निघायला वेळ लागला. तिने राजा पुढे सरकवला. डॉक्टर चिमोट्यांनी चव्वी टाकली. मी दश्शी मागितली. डॉक्टरांनी दातांनी ओठ दाबला आणि सत्ती टाकली. मी पंजी, माधवरावांनी छक्की. दश्शीवर हात आला. मग नव्वी निघाली, आणि डॉक्टरांकडे टाकायला एकच पत्ता उरला होता. त्यांनी चौकटची राणी टेबलावर ठेवली, अगदी हळू, आजारी माणसाला खाटेवर निजवावं तशी. मी तिच्यावर एक्का ठेवला.

टाळ्या पडल्या. मागे कुणी तरी म्हणालं की बाईने राणी कुठून हुंगून काढली कोण जाणे. डॉक्टर चिमोटे भले गृहस्थ. ते टाळ्या वाजवत नव्हते, आपल्या जोडीदाराकडे बघत होते.

"सरनाईक, राणी माझ्याकडे होती. तुम्ही कशासाठी थांबला होतात?"

"कूलरचं पाणी उडालं डोळ्यात," माधवराव म्हणाले.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "कूलर तर बंद आहे." आणि उठून गेले. त्यानंतर ते माधवरावांबरोबर कधी बसले नाहीत. त्या दिवशी त्या हॉलमध्ये लाज वाटलेला तो एकच पुरुष.

*

वत्सलाताई बाजूच्या व्हरांड्यात माठाजवळ उभी होती. हातात भरलेला पेला, पण पीत नव्हती.

मी विचारलं, कधी सांगितलंस. शिऱ्याच्या आदल्या दिवशी, ती म्हणाली. तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं.

ती बोलत राहिली, सलग, पाठ केल्यासारखी. चार लोकांत बायकोने हरवलं की घरी काय होतं ते मला कळायचं नाही. माझी आज ना उद्या बदली होईल. मी माझी पेटी उचलीन आणि दुसऱ्या गावचे तराजू तपासायला जाईन. तिला त्याच टेबलाशी जेवायचंय, त्याच माणसाला वाढायचंय. त्यांनी खोदून खोदून विचारलं. दोन दिवस अन्न टाकलं. शेवटी तिने सांगितलं.

"मग मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "तू नुसतं म्हणाली असतीस, लीला, हर. मी नव्वी मागितली असती. डोळे मिटून मागितली असती."

"तुला सांगितलं असतं तर तू मला घर सोड म्हणाली असतीस." तिने पेला माठावर ठेवला. "तू तशीच आहेस. दिसला खोटा काटा की ठोक सील. संसार असा बंद करता येतो का गं?"

आतून माझ्या नावाने हाका येत होत्या, चषक द्यायला.

"पण तुला कळलं कसं?" तिने विचारलं. आणि मी शपथेवर सांगते, त्या विचारण्यात आमच्या दुपारची वत्सलाताई होती. पत्ते उलटे करून कुठे चुकलं ते बघणारी. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तूच सांगितलंस," मी म्हटलं. "ह्यांना थांबणं माहीत नाही म्हणून."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने पदर तोंडाला लावला. ती रडली की हसली ते मी बघायला थांबले नाही. तिने माझं गुपित त्यांना दिलं होतं आणि त्यांचं मला, दोन्ही एकाच टेबलावरून, एकाच हाताने. फरक एवढाच की त्यांचं देताना ती हसत होती.

चषक घ्यायला आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. तो माधवरावांनीच दिला, सेक्रेटरी या नात्याने. एक कान तिच्या हातात, एक माझ्या. फोटो आहे. त्यात तिघंही हसतोय.

मी तिच्या घरी पुन्हा गेले नाही. तीही क्लबात पुन्हा आली नाही. बायकांतली पहिली आजीव सभासद, आणि पायऱ्या एकदाही चढली नाही. माधवराव पुढच्याच आठवड्यात पहिल्यासारखे खटाखट खेळायला लागले.

निवृत्तीनंतर मी त्याच गावात घर घेतलं. रोज संध्याकाळी समोरच्या पायऱ्यांनी वर जाते. आता गुडघे दुखतात, तरी बाजूच्या व्हरांड्यातून जात नाही. हॉलच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फलक आहे. त्यावर त्या वर्षासमोर पांढऱ्या रंगात लिहिलंय, सौ. वत्सला माधवराव सरनाईक व कु. लीला तायडे. मध्ये एक "व". दर दिवाळीला फलकाला नवा रंग देतात, तो "व" कधी पुसट होत नाही.

हल्ली मुली खेळायला येतात. कॉलेजात शिकवणाऱ्या, बँकेत असणाऱ्या. त्यांची सही त्या स्वतः करतात आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. परवा एकीने फलकाकडे बघून विचारलं, "आजी, या सरनाईकबाई कशा खेळायच्या हो?"

"छान," मी म्हटलं. "मी मागेन तो पत्ता मुकाट्याने पुढे करायच्या. एकदाच फक्त 'काय?' म्हणाल्या."